बायनामावशीचा दुसरा नमुना

मला राग लवकर येतो. आई म्हणते, ही जन्मली तीच भांडत. म्हणून जुलेखा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सोजर, हात शिकवता येतो. तोंड तुझं तुलाच आवरावं लागंल. इथं येणारा माणूस भीतीनं आधीच अर्धा झालेला असतो."

मॅडम बीडच्याच, मैनुद्दीन मिस्त्रींची लेक. बापानं जन्मभर ट्रॅक्टरची इंजिनं खोलली आणि लेक आमच्या हॉस्पिटलात गॅमा कॅमेरा चालवते. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचा कोर्स मी त्यांच्या हाताखाली करत होते. बीएस्सी झाल्यावर या कोर्सला नंबर लागला तेव्हा गावात बातमी पसरली की सोजर अणुबॉम्ब शिकायला गेली. भावकीतल्या एका काकानं तर वडलांना विचारलं, पोरीला पुढं लेकरं-बाळं होतील का? मी त्याला असं काही बोलले की तो दिवाळीपर्यंत आमच्या दारात फिरकला नाही.

खरं तर गोष्ट सोपी आहे. एक्स-रेत किरणं मशीनमधून निघतात आणि माणसातून आरपार जातात. आमच्याकडं उलटं. आम्ही सुईतून थोडंसं किरणोत्सारी औषध देतो, ते रक्तातून हाडात जाऊन बसतं, आणि मग माणसातून निघणारी किरणं कॅमेरा टिपतो. ज्या जागी हाडाचं काही बिनसलंय तिथं औषध जास्त जमतं आणि पडद्यावर काळा डाग दिसतो. उरलेलं औषध लघवीवाटे निघून जातं. ही लघवीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिच्यापायीच माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचं हॉस्पिटल सहकारी. जिल्ह्यातल्या दूध संस्थांनी सभासदांचे भाग, म्हणजे शेअर, गोळा करून उभं केलेलं. त्यामुळं येणारा पेशंट हक्कानं येतो, आणि पंखा बंद असला तर माझ्या भागाचा पंखा कुठंय म्हणून भांडतो. मला हे आवडायचं. पण ते साल वाईट होतं. पालीकडं जाताना बिंदुसरेच्या तळ्यात नुसत्या भेगा दिसत होत्या, जनावरं चारा छावण्यांत गेलती आणि हॉस्पिटल टँकरवर चाललं होतं. मॅनेजरनं एकूण एक नळावर पाटी चिकटवली होती, 'पाणी जपून वापरा'. आमच्या विभागात इंजेक्शन दिलेल्या पेशंटसाठी वेगळा संडास आहे, तिथंही. मला त्या पाटीत काही खटकलं नाही. टँकरमागं घागर घेऊन पळालेली पोरगी मी, मला ती पाटी शहाणपणाचीच वाटायची.

अशात एक दिवस यादीवर नाव दिसलं, बायनाबाई.

बायनामावशी म्हणजे आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव. कागदावर ती सचिव, गावात डेरीवाली. ती माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मावशी, पण लहानपणी मला ती डोळ्यांपुढं नको असायची. डेरीची किल्ली कायम कमरेला, आणि तोंडात एकच सवाल, "भांडं धुतलं का?" लग्नातसुद्धा ती आचाऱ्याला हेच विचारायची.

मी सातवीत असतानाचा उन्हाळा असाच कोरडा होता. आमचं दूध घालायला मी रांगेत उभी होते. मावशीनं मापातून नमुना घेतला, त्यात लॅक्टोमीटर सोडलं, तर पाणी घातलेल्या दुधात बुडतं तसं ते खाली खालीच गेलं. डिग्री लागली नाही. मागून वच्छलाबाई म्हणाली, "टँकर यांच्याच दारात थांबला वाटतं." मी चरवी ठेवून तिच्या अंगावर धावून गेले. मावशीनं माझी वेणी धरून मला मागं ओढलं. मग ती कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेली. त्या रांजणातलं पाणी फक्त भांडी खंगाळायला. तहानेनं कुणी व्याकूळ होऊन आलं तरी त्याला घरातून आणून देईल, पण त्यातलं देणार नाही. तिनं नमुन्याचं भांडं खंगाळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि आमच्या चरवीतून पुन्हा दूध घेतलं. डिग्री बरोबर लागली.

"माझ्याच भांड्यात पाणी राहिलतं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पहिल्या नमुन्यावर कुणाला चोर म्हणायचं न्हाई. भांडं धुवायचं, पुसायचं, दुसरा नमुना घ्यायचा. मग बोलायचं." आणि माझ्याकडं वळून, "आन तू गं, तोंड आवर." त्यामुळं उपकार मानायचे सोडून मी महिनाभर फुगून बसले होते.

तर ती बायनामावशी त्या सकाळी एसटीनं एकटीच आली. मुलगा, आश्रुबा, जनावरांसोबत छावणीत होता. मागल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली होती, ऑपरेशन झालं होतं, नंतरच्या सुयांनी केस गेले होते. आता बोटभर आले होते, पदराखाली पांढरे. पण दोन-तीन महिन्यांपासून तिचा उजवा खुबा दुखत होता. आजार हाडात उतरलाय का, ते बघायला तिला आमच्याकडं पाठवलं होतं.

जुलेखा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या गावच्या आहेत ना? आजचं सगळं तू कर. मी मागं हाय."

शिशाच्या काचेमागं औषध भरून मी बाहेर आले. सुई टोचताना मावशी माझ्या हाताकडंच बघत होती.

"येतं कुठून गं हे?"

"मुंबईहून आठवड्याला एक शिशाचा डबा येतो. लई जड. रोज सकाळी त्यातून औषध काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. आमच्यात त्याला गायच म्हणतात."

"आन भाकड कवा होती?"

"आठवडाभरात."

"तरी परवडली. वैरण लागत न्हाई," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचं हसू बरं वाटलं.

मी तिला पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या दिल्या. तीन तास बसायचं, दोन्ही संपवायच्या, लघवी तुंबवायची नाही, आणि गेलीस की भरपूर पाणी ओतायचं, असं दोनदा सांगितलं. तिनं मुंडी हलवली. मला वाटलं, समजलं.

कॅमेऱ्यात घेताना गाऊन घालायला ती तयार होईना. "परक्या कापडात मी आडवी व्हनार न्हाई." मॅडमनी सांगितलं, असू द्या लुगडं, अंगावर धातू तेवढा नको. मग तिनं कमरेची किल्ली सोडली. थोडा वेळ हातात धरून ठेवली आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकली.

"सोजे, हाडात गेलं असंल तर ही मला माघारी देऊ नको. तुझ्या आईला दे."

"असं काय बोलतीस मावशी."

"नीट बोलायलीय. एक आजारपण काढलं. पुन्हा सुया घेत बसायचा दम न्हाई माझ्यात. तिकडं छावणीत माणसाला प्यायला पाणी न्हाई आन मी इथं खाटंवर पडून सेवा घेऊ? काय असंल ते सांग, मी घरी जाईन आन गप पडंन."

ती एकदा ठरवलं की बदलणारी बाई नव्हे, हे गावात शेंबडं पोर सांगेल. मी तिला टेबलावर झोपवलं, हात-पाय पट्ट्यांनी सैल बांधले, हलू नको म्हणाले आणि पडद्यापुढं येऊन बसले.

चित्र डोक्याकडून हळूहळू उतरत येतं. कवटी, मान, खांदे, बरगड्या. सगळं एकसारखं, फिकट. मणका सरळ. मी मनातल्या मनात देवाला नावं ठेवत आणि नवस बोलत एकाच वेळी बघत होते. मग कंबर आली, आणि उजव्या खुब्यापाशी डाग उमटला. काळाभोर. बघता बघता आणखी गडद झाला.

जिथं दुखतंय म्हणाली, बरोबर तिथंच.

"झालं का गं?" आतून मावशीचा आवाज आला. "काय दिसलं?"

आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं. सांगायचं ते डॉक्टरांनी. हा नियम मी पाठ केला होता, पण तो पाळणं इतकं अवघड जातं हे कुणी शिकवलं नव्हतं. "अजून चालूय, पडून राहा," एवढं मी कसंबसं म्हणाले. मला सगळ्यांचा राग आला. दुष्काळाचा, मशीनचा, मागं शांत उभ्या असलेल्या मॅडमचा. माणूस मरायला टेकलंय आणि ही बाई हाताची घडी घालून उभी आहे.

"आता काय करशील?" मॅडमनी विचारलं.

"डॉक्टरांना बोलावते."

"बोलाव की. पण त्याच्या आधी?"

मी डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडं पाहिलं. इतका काळा, इतका एका जागी गोळा झालेला. मी बाजूनं एक फोटो घेतला. त्यात तो डाग हाडापासून जरा सुटा वाटला. का मलाच तसं वाटावंसं वाटत होतं, कुणास ठाऊक. आणि तेव्हा मला तो रांजण आठवला.

"भांडं धुवायचं," मी म्हणाले.

"क्या?"

"कपडे बदलून, अंग धुऊन पुन्हा फोटो घ्यायचा. लघवीचं कुठं लागलं असंल तर तेही काळंच दिसतं."

"मग उठ की," मॅडम म्हणाल्या. "रडत काय बसलीस."

मी मावशीला उठवून बसवलं. गाऊन आणायला जाताना वाटेतली तिची पिशवी उचलून बाजूला ठेवायला गेले, तर ती जड. वरच्या भाकरीखाली दोन्ही बाटल्या. एकीतून दोन घोट गेले असतील, दुसरीचं झाकणसुद्धा मोडलं नव्हतं.

"मावशी, पाणी प्यालीच न्हाईस तू?"

"एवढं चांगलं पाणी," ती म्हणाली. "आश्रुबा छावणीत खारं पाणी पितोय, पोट बिघडलंय त्याचं. त्याला न्यायला ठिवलंय."

मी खाली बसले. "आन संडासात? पाणी किती घेतलंस?"

"तांब्याभर. त्यातबी उरिवलं." आणि माझं तोंड बघून तिनं दाराकडं बोट केलं. "तुमचीच पाटी हाय की. पाणी जपून वापरा. मला वाचाया येतं."

"हात कुठं पुसले?"

तिचा हात गेला तो पदराच्या टोकाकडं. ते टोक तिनं नेहमीसारखं कमरेला खोचलं होतं. उजव्या बाजूला.

आता हे तिला सांगायचं कसं? जिनं अख्ख्या गावाला भांडी घासायला लावली, जिच्या धाकानं बायका हात दोनदा धुऊन डेरीत शिरायच्या, तिला मी कोण सांगणारी की तुझ्या लुगड्याला लघवी लागलीय. मी जीभ चावत चावत सांगितलं, जमेल तितकं हळू. तिचा चेहरा आधी उतरला, मग कडक झाला.

"सोजे, माझ्या डोळ्यांपुढं नाक पुसायला शिकलीस तू. आन मला सोवळं शिकवतीस? नको मला तुमचे फोटो. जे दिसलं ते दिसलं. आण ती चप्पल."

ती खरंच टेबलावरून उतरायला लागली. आणि माझं ते कुप्रसिद्ध तोंड सुटलं.

"जा मग," मी म्हणाले. "पहिल्या नमुन्यावरच जा. मला पण त्या दिवशी तसंच हाकलून द्यायचं होतंस. सगळी रांग म्हणत होती दुधात पाणी हाय. तू कावून भांडं धुतलंस? रांजणातलं पाणी कावून वाया घातलंस माझ्यासाठी?"

मागं मॅडम होत्या, पण त्यांनी मला आवरलं नाही. मावशी एक पाय खाली, एक पाय पायरीवर अशी थांबली होती.

"ध्यानात हाय तुझ्या," ती शेवटी म्हणाली.

"वेणी ओढलीस ती पण ध्यानात हाय."

तिनं नाक ओढलं. "कुठंय तुझी बादली?"

मी टँकरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली न्हाणीत ठेवली आणि दाराबाहेर उभी राहिले. आतून तांब्याचा आवाज येई, मग थांबे. ती पाणी मोजून घेत होती. "सगळी ओत मावशी," मी बाहेरून म्हणायची. "एवढ्यात एका म्हशीचं भागलं असतं," आतून उत्तर यायचं, आणि मग पुन्हा एक तांब्या. बादली पालथी पडल्याचा आवाज ऐकल्यावरच मी गाऊन आत दिला. ती हिरव्या गाऊनमध्ये बाहेर आली तेव्हा एकदम लहान दिसत होती. बोटभर केस, उघडी मान. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

मॅडमनी हातमोजे घालून लुगडं उचललं आणि किरणं मोजायचं यंत्र त्याच्यावरून फिरवलं. काठावर शांत. निऱ्यांवर थोडी टिकटिक. पदराच्या टोकाशी यंत्र कडकड वाजायला लागलं. मॅडमनी माझ्याकडं फक्त पाहिलं.

पण त्यानं सुटका झाली नव्हती. लुगड्यावर डाग होता म्हणजे हाडात नाही, असं थोडंच आहे. दोन्ही असू शकतं. मी मावशीला पुन्हा झोपवलं, पट्ट्या बांधल्या. ह्या वेळी ती नुसती छताकडं बघत राहिली.

कवटी. मान. बरगड्या. मणका. माझा हात खिशातल्या किल्लीवर होता. कंबर आली. उजवा खुबा आला. खुबा पूर्ण झाला, मांडी सुरू झाली, आणि पडद्यावर काही नव्हतं. फिकट, गुळगुळीत, डाव्यासारखाच उजवा. मग गुडघे आले तसे दोन्हीकडं सारखेच काळसर झाले.

मी मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. त्यांनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "बस. डॉक्टरांना फोन कर. तोंड धुऊन घे आधी."

डॉक्टर आले. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी बराच वेळ पाहिले, बाजूचा पाहिला, जुने कागद पाहिले. मग आत जाऊन मावशीच्या उशाशी उभे राहिले. "बायनाबाई, हाडांत आजार गेलेला नाही. गुडघे झिजलेत, ते वयानं. खुब्याचं दुखणं वजन उचलून उचलून झालेलं दिसतंय. काय उचलता तुम्ही?"

"दुधाचे कॅन," मावशी म्हणाली.

"मग ते आता दुसऱ्या कुणाला उचलू द्या."

ते गेल्यावर मी तिच्या पट्ट्या सोडल्या. तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं, ते पुसायलाही तिनं हात सोडवला नाही. "लई भ्याले होते गं," ती म्हणाली. "पाटलीण बनून आले, पण लई भ्याले होते." मी पण भ्याले होते, हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.

एक अडचण उरली होती. लुगडं लगेच देता येत नव्हतं. त्यातला किरणोत्सार निवेपर्यंत ते शिशाच्या कपाटात ठेवावं लागणार होतं. आता हिनं घरी जायचं कशात? जुलेखा मॅडमनी आपल्या कपाटातला सलवार-कमीज काढला, निळा, बारीक बुट्ट्यांचा. मला वाटलं, झालं, आता पुन्हा रणकंदन. मावशीनं तो उलटा-सुलटा करून पाहिला, शिवण पाहिली.

"धुतलेला हाय का?" तिनं विचारलं.

"बिल्कुल," मॅडम म्हणाल्या. मावशी गप आत जाऊन घालून आली.

निघण्याआधी मी तिला एक बाटली समोर उभं राहून प्यायला लावली. प्रत्येक घोटाला तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं, पण संपवली. दुसरी आश्रुबासाठी राहू दिली. आज लहान लेकरांना जवळ घेऊ नको, संडासात पाणी ओत, असं सांगत मी तिला स्टँडवर सोडायला निघाले. वाटेत त्या संडासात शिरून मी पाटी ओरबाडून काढली. मॅनेजर विचारेल तेव्हा बघू. बाकीच्या नळांवर असू दे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद लावला, 'इथे पाणी भरपूर वापरा. लाजू नका.'

स्टँडवर एसटी लागलेलीच होती. मावशी ओढणीचा पदर डोक्यावरून घेऊन खिडकीशी बसली. दोन बाया तिच्याकडं टकामका बघत होत्या, तिला त्याचं काही नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि मी हात हलवायला कोटाच्या खिशातून काढला, तर हातात किल्ली.

मी खिडकीकडं पळाले. मावशीचा हात आधीच बाहेर आला होता.

"मला वाटलं इसरलीस," ती म्हणाली. "दे हिकडं. पहाटं डेरी उघडायचीय."

खोचायला कंबर कुठं होती त्या कपड्यांत. तिनं जुलेखा मॅडमच्या ओढणीचं टोक पुढं ओढलं, किल्ली त्यात बांधली, दातांनी ओढून गाठ पक्की केली. मग डोकं बाहेर काढलं.

"रविवारी लुगडं घेऊन ये," ती म्हणाली. "आन धुऊन आण."